बाबा, हे बटण सोडून

४ फेब्रुवारी, मंगळवार

सूनबाई सकाळच्या बसने गेली. तीन महिन्यांसाठी. तिच्या कंपनीने दुसऱ्या शहरात नवं ऑफिस थाटलंय, तिथली जबाबदारी तिच्यावर टाकून बघणार आहेत. जमलं तर कायम, नाही जमलं तर परत. मी म्हटलं, न जमायला काय झालं? त्यावर म्हणाली, "बाबा, मी जावं असं तुम्हाला वाटतंय की काय?" मी तिची बॅग उचलली आणि जिना उतरायला लागलो. बॅग जड होती.

लिफ्ट होती. पण मी अग्निशमन दलातला माणूस. जन्मभर लोकांना ओरडून सांगितलं की जिन्याने उतरा, आता म्हातारपणी मत बदलायचं? आणि सून मिळाली तीही लिफ्टचे आराखडे काढणारी. या घरात भांडणाला विषय कधी कमी पडला नाही.

खरं भांडण काल झालं, बटणावरून. झोपण्यापूर्वी घरातलं प्रत्येक बटण बंद करायचं हा माझा नियम. फ्रिज तेवढा सुटलाय. भरल्या घरांची राख झालेली मी पाहिली आहे, आणि पुष्कळदा कारण एवढंच, की एक प्लग रात्रभर चालू राहिला. आता सूनबाई म्हणते, तिच्या कॉम्प्युटरचं बटण रात्रंदिवस चालू हवं. त्यात तिचे सगळे आराखडे आहेत, ते तिला तिकडून लागतील.

"बंद यंत्रातून तू तिकडे बसून काय बघणार?" मी विचारलं.

"बंद नाही बाबा, झोपलेला असेल. त्याला मी तिकडून उठवणार."

"हाका मारून?"

"तसंच समजा. तो झोपला तरी त्याचा एक कान जागा असतो. मागे जिथे तार लागते तिथे हिरवा दिवा दिसतो ना, तो कान. मी तिकडून एक निरोप पाठवते. त्या निरोपात दुसरं काहीच नसतं, त्याचा स्वतःचा पत्ता सोळा वेळा लिहिलेला असतो. तो ऐकला की उठतो."

सोळा वेळा. हे मात्र मला पटलं. धुराने भरलेल्या खोलीत कुणी अडकलं असेल तर आम्हीही एकदा हाक मारून थांबत नसू.

शेवटी तडजोड झाली. कॉम्प्युटरचं बटण चालू राहील. पण भिंतीवरची पांढरी डबी, जिला ती राउटर म्हणते, ती मी रात्री बंद करणार आणि सकाळी उठल्यावर लावणार. डबी बंद असेल तर तिचा निरोप घरात शिरू शकत नाही. "चालेल," म्हणाली, "रात्री मी तरी कुठे काम करणार आहे."

तिच्या टेबलाजवळच्या बटणावर तिने कागद चिकटवलाय: "बाबा, हे बटण सोडून." शेजारी हसरा चेहरा काढलाय. चेहरा काढला म्हणून धोका कमी होत नाही.

घर खायला उठेल असं वरच्या मजल्यावरच्या शिक्षिका बाई म्हणाल्या. तसं काही झालं नाही. एक कप कमी घासावा लागला, एवढंच.

५ फेब्रुवारी, बुधवार

सकाळी डबी लावली, चहा टाकला. चहाला उकळी येते न येते तोच सूनबाईच्या खोलीत घूं घूं सुरू झालं. लाटणं हातात घेऊन गेलो. पडदा लख्ख उजळला होता, खोलीत कुणी नाही. पाठोपाठ तिचा फोन.

"उठला का बाबा?"

"कधीच. दात घासून झाले."

"तुम्ही नाही हो, कॉम्प्युटर."

"तोही उठलाय. दात त्याने घासलेले नाहीत."

हसली. म्हणाली, काही नाही, जरा फाइली बघायच्या होत्या. माझा चहा संपायच्या आत यंत्र पुन्हा झोपलं. हुशार पोरगी आहे, चहाच्या वेळात काम उरकते.

९ फेब्रुवारी, रविवार

आज रविवार, तरी यंत्र उठलं. कंपनीवाले हिला सुट्टीच्या दिवशीही जुंपतात. माझ्या वेळी बरं होतं, आग लागली तरच रविवार जायचा.

१४ फेब्रुवारी, शुक्रवार

एक गोष्ट ध्यानात आली. मी डबी लावली की पाचदहा मिनिटांत तिचं यंत्र जागं होतं. काल मला उठायला उशीर झाला, तरी तेच. म्हणजे ही तिकडे माझ्या डबीची वाट बघत ताटकळत बसते की काय? माझ्या आळसापायी तिचं काम खोळंबायला नको. उद्यापासून अर्धा तास लवकर उठणार.

तिच्या खोलीत यंत्र चालू असतं तेवढा वेळ मी दारातल्या खुर्चीवर बसून चहा पितो. लक्ष ठेवायला. चालू यंत्रापाशी माणूस असलेला बरा.

२० फेब्रुवारी, गुरुवार

फजिती झाली. रात्री डुलक्या घेत घेत बटणं बंद करत फिरलो आणि सवयीने ते बटणही बंद केलं, कागदासकट. सकाळी डबी लावली, चहा झाला, दुसरा झाला, यंत्र ढिम्म. मग फोन वाजला.

"बाबा, बरे आहात ना?" आवाज चढलेला होता.

"मला काय धाड भरलीये?"

"मग तो का उठत नाहीये?"

बघतो तर बटण खाली. सांगितलं. ओरडेल असं वाटलं होतं, तर सुस्कारा टाकून म्हणाली, "बटणच ना? मग ठीक आहे." वळण चांगलं आहे तिचं. काम अडलं तरी आधी म्हाताऱ्याची तब्येत विचारते.

२५ फेब्रुवारी, मंगळवार

लाइन नीट करायला इंटरनेट कंपनीच्या बाई आल्या होत्या. काल संध्याकाळपासून डबीवर लाल दिवा होता; सकाळी सूनबाईचा फोन आला तेव्हा तिला तसं सांगितलं. मी त्यांना सांगितलं, लवकर करा, माझ्या सुनेचं फार जड काम या लाइनवर चालतं. त्यांनी आपल्या फोनवर काहीतरी बघितलं आणि म्हणाल्या, "जड काम? आजोबा, या लाइनवर गेले दोन आठवडे जवळपास काहीच वापर नाही."

म्हटलं, माझी सून काटकसरी आहे.

मग त्यांनी विचारलं, सून आणि मुलगा दोघंही तिकडे का? मी म्हणालो, मुलगा परदेशात असतो, सून इथे... म्हणजे सून होती, कागदावर आता नाही, पण घर हेच. बाईंनी स्क्रू पिळता पिळता माझ्याकडे बघितलं. माझं मलाच धड सांगता आलं नाही.

आता लिहायलाच घेतलंय तर लिहून टाकतो. मुलगा कामासाठी बाहेर गेला, तिकडे त्याचं दुसऱ्याच बाईशी जमलं, आणि वेगळं होण्याचे कागद टपालाने आले. सूनबाईने सही केली आणि कपाट उपसायला घेतलं. मी दारात उभा होतो. विचारलं, कुठे चाललीस? म्हणाली, माहीत नाही. मी म्हटलं, माहीत नसेल तर ठेव ते कपडे परत, तुझी खोली तर इथे आहे. ती खाली बसली आणि खूप रडली. मी वरण गरम करायला गेलो. तेव्हापासून आम्ही दोघं असेच राहतो. लोक काय म्हणतात ते मला ठाऊक आहे. सायरनने माझे कान निम्मे गेलेत, त्याचा हा एक फायदा.

२ मार्च, रविवार

दोन दिवस ताप आहे. काल फोनवर चुकून शिंकलो, तर "सर्दी झालीये का" म्हणून मागे लागली. किरकोळ आहे म्हणून सांगितलं. आज सकाळी डबी लावली तेवढी, मग दिवसभर पडून होतो. हिच्या ऑफिसात मात्र काय गडबड उडालीये कोण जाणे. सकाळी यंत्र उठलं, दुपारी उठलं, मध्ये दोनदा उठलं, संध्याकाळी परत. दर वेळी घूं घूं ऐकू आलं की मी बिछान्यातून "आहे, आहे" म्हणायचो. तापात माणूस काहीही बडबडतो.

शिक्षिका बाई मऊ भात घेऊन आल्या. त्यांना कुणी सांगितलं, देव जाणे.

१२ मार्च, बुधवार

सूनबाईचं तिकडे छान चाललंय. साहेब खूश आहेत. एका मोठ्या इस्पितळाच्या लिफ्टचा आराखडा तिच्या हाताखाली होतोय. उत्साहाने सांगत होती, रुग्णाची खाट सहज आत जाईल, आतमध्ये वळवताही येईल. मी विचारलं, आणि वीज गेली तर? म्हणाली, त्याचीही सोय केलीये. आग लागली तर? "तर तुमचे जिने आहेत की बाबा. त्यांची रुंदी मी तुमच्यासाठी वाढवून घेतली." अख्ख्या इस्पितळाचे जिने माझ्यासाठी रुंद केले. मी फोन ठेवल्यावर बराच वेळ हसत होतो.

शेवटी हळूच म्हणाली, "कायम करतील असं दिसतंय." मी म्हटलं, वा, वा. दोनदा म्हटलं. तिला ते कसं ऐकू गेलं कोण जाणे, तिने एकदम माझ्या जेवणाचं विचारलं.

खरं लिहायचं तर ती परत यावी असंच मला वाटत होतं. हे चूक आहे. मी तिचा कोण? जिचं लग्नच उरलं नाही तिला सासरा कुठला. ती आजवर राहिली हा तिचा चांगुलपणा. त्या चांगुलपणावर मी किती वर्षं बसून खाणार?

१६ मार्च, रविवार

मुलाचा फोन आला. वर्षातून दोनतीनदा येतो. हवापाणी झालं, मग मुद्द्यावर आला.

"ती आता तिकडेच राहणार म्हणतात."

"कोण म्हणतं?"

"कळतं हो. बाबा, मग तिची खोली रिकामी करून घ्या ना. तिचं सामान पाठवून द्या. ती आता आपली कोण आहे? तिलाही मोकळं होऊ दे. तुम्ही असे धरून बसलात तर तिने नवीन आयुष्य सुरू कधी करायचं?"

मला त्याचा राग आला. पण राग ओसरल्यावरही शेवटचं वाक्य डोक्यातून जाईना. त्याच्यासारख्याने म्हटलं म्हणून ते खोटं ठरत नाही.

आम्हाला नव्या भरतीत शिकवायचे, मीही पुढे पोरांना शिकवलं: माणसाला हात धरून बाहेर आणायचं, आणि बाहेर आणल्यावर हात सोडायचा. काहीजण घाबरून तुमचा हात सोडत नाहीत. काही वेळा आपलाच सुटत नाही. मग तिथेच उभे राहता आणि आतला दुसरा माणूस राहून जातो.

यंत्र इथे आहे म्हणून तिला रोज सकाळी इथे डोकवावं लागतं. पाठवून दिलं की सुटली.

२० मार्च, गुरुवार

ठरलं. उद्या यंत्र बांधायचं. कुरियरवाला दुपारी येईल. तिला आधी सांगणार नाही, नाहीतर भिडेपोटी नको म्हणेल. यंत्र आलं होतं तो खोका माळ्यावर असला पाहिजे, मी खोके टाकत नसतो.

आज यंत्र जागं असताना जरा जास्त वेळ खुर्चीवर बसलो. झोपलं तरी बसून राहिलो. मागे हिरवा दिवा तेवढा होता.

२१ मार्च, शुक्रवार

आज जे घडलं ते सगळं क्रमाने लिहितो, कारण अजून माझाच त्यावर विश्वास बसत नाही.

सकाळी उठलो. डबी लावली नाही, कारण ती काढायचीच होती. प्लग काढायचे तर आधी मेन स्विच पाडायचा हा नियम. पाडला. फोन काल संध्याकाळी चार्जिंगला लावला होता आणि चार्जिंगला लावलेला फोन मी बंद ठेवतो, तोही नियम. तो तसाच बंद राहिला. यंत्राच्या तारा सोडवल्या, प्रत्येक तारेला कागदाची पट्टी बांधली. बटणावरचा तिचा कागद काढावा की राहू द्यावा यात बराच वेळ गेला. राहू दिला.

मग खोका शोधायला न्हाणीवरच्या माळ्यावर चढलो. म्हणजे पाय स्टुलावर आणि छातीपासून वरचा भाग माळ्यात. जुन्या गाद्या, पंखा, सुटकेसी, सगळं उपसत होतो. गाद्यांमध्ये डोकं, आणि कान आधीच निम्मे. बाहेर काय चाललंय याची मला गंधवार्ता नव्हती.

एवढ्यात कुणीतरी खालून माझ्या दोन्ही पायांना मिठी मारली आणि ओरडलं, "सापडले! जिवंत आहेत!"

मी लाथ मारली. ती हेल्मेटवर बसली.

खाली बघतो तर पुऱ्या गणवेशातला जवान, त्याच्यामागे आणखी एक, आणि त्यांच्यामागे कमरेवर हात ठेवून भोंगा. भोंगा म्हणजे माझ्या हाताखाली तयार झालेला, आता अग्निशमन केंद्राचा प्रमुख. आवाज तसा म्हणून नाव तसं. आलेत कुठून, तर तिसऱ्या मजल्याच्या बाल्कनीतून, शिडी लावून. दार फोडलं नाही हे नशीब.

मी स्टुलावरून उतरून आधी बाल्कनीत गेलो. शिडीचा पाय भिंतीच्या फार जवळ टेकवला होता. खाली वाकून सांगून टाकलं. खाली लाल गाडी उभी, निम्मी गल्ली जमलेली, सगळे वर बघताहेत.

"साहेब," भोंगा म्हणाला, "शिडीचं नंतर बघू. आधी सूनबाईंना फोन करा. माझा जीव खाल्लाय त्यांनी."

"तिचा काय संबंध?"

"त्यांनीच बोलावलं की आम्हाला! म्हणाल्या, कॉम्प्युटर उठत नाहीये. मी म्हटलं, ताई, आम्ही आग विझवतो, कॉम्प्युटर दुरुस्त करत नाही. तर रडायलाच लागल्या. म्हणाल्या, डबी लागली नाही, फोन बंद आहे, वरच्या बाईंनी बेल दाबली तर बेल वाजत नाही, दार ठोठावलं तर उत्तर नाही. मी विचारलं, तुम्ही त्यांच्या कोण? तर काय म्हणाल्या माहितीये? म्हणाल्या, 'मी त्यांचीच आहे हो, कोण ते मागाहून सांगते, आधी गाडी काढा!'"

जवान हसले. मला हसता आलं नाही. मी मेन वर केला, फोन लावला.

"बाबा?"

"हं."

"बाबाच ना?"

"मग काय भोंगा? त्याचा आवाज तुला शेजारच्या शहरातूनही ओळखू येईल."

मग ती रडली. मी थांबलो. भोंग्याला कळतं, तो पोरांना घेऊन स्वयंपाकघरात पाणी प्यायला गेला.

"डबी का नाही लावली?" तिने विचारलं.

"मेन पाडला होता."

"का?"

"तुझं यंत्र बांधत होतो. तिकडे पाठवायला. तू आता कायम होणार. निम्मं काम इथे, निम्मं तिथे, असं किती दिवस करशील?"

तिने नाक ओढलं.

"बाबा, मला तिथलं काहीच लागत नाही. सगळ्या फाइली मी पहिल्याच आठवड्यात इकडे आणल्या."

"मग रोज सकाळी काय बघत होतीस?"

"तुम्ही उठलात की डबी लावता. ती लागली की मला इकडे कळतं. मग मी त्याला उठवते. तो उठला की मला वाटतं, चला, घर जागं झालं. मग मी माझा चहा टाकते."

"मग सरळ फोन करायचा."

"रोज सकाळी फोन करून विचारू, बाबा, उठलात का? तुम्ही दुसऱ्या दिवशी झापलं असतं मला. म्हणाला असतात, मी काय रुग्ण आहे?"

म्हणालो असतो, हे खरं आहे.

म्हणजे इतके दिवस मी तिच्या कामासाठी लवकर उठत होतो आणि ती मी उठतो का हे बघायला लवकर उठत होती. दोघांनाही रोज अर्धा तास जास्त झोपता आलं असतं.

आणि तापाच्या दिवशी? तेही विचारलं. "दिवसभर उठवत होते," म्हणाली. "मला वाटलं, तो जागा असला तर तुम्ही अगदीच एकटे नसाल."

मला फार बरं वाटलं. म्हटलं, शिडी चुकीची लावली होती. ती म्हणाली, सांगितलंत ना त्यांना? म्हटलं, हो.

कुरियरवाला दुपारी आला. त्याला परत पाठवला.

२९ मार्च, शनिवार

सूनबाई दोन दिवसांसाठी आली. आल्या आल्या आधी खोलीत जाऊन बटण बघितलं. कागद जागेवर होता. मग मला म्हणाली, "वाळलात."

जेवताना सांगितलं, कायमचं पत्र मिळालंय. आणि माझ्याकडे बघत राहिली. मी म्हटलं, घे. तुला रुंद जिने अजून पुष्कळ ठिकाणी बांधायचे आहेत.

"आणि तुम्ही?"

मग मी तिला ते हात सोडायचं सांगितलं. बाहेर आणल्यावर सोडावा लागतो, नाहीतर दोघंही तिथेच अडकतात. मी नीट मांडलं असं मला वाटत होतं. ती पोळी खाली ठेवून म्हणाली,

"तुम्ही मला कुठून बाहेर काढलंत बाबा? मी तर बाहेर पडतच होते. तुम्ही मला आत ठेवून घेतलंत."

मी पाणी प्यालो. आणखी प्यालो.

"माझ्याबरोबर चला म्हणणार होते," ती म्हणाली. "पण तुम्ही येणार नाही."

"लिफ्टच्या इमारतीत राहतेस तू."

"म्हणूनच. पण सुट्टीला मी इथेच येणार. ही खोली माझी आहे, तुम्हीच सांगितलं होतंत. शब्द फिरवायचा नाही."

मी म्हटलं, मी कशाला फिरवू? आणि मग जे आठवडाभर मनात घोळत होतं ते विचारलं. हे उठवणं एकाच बाजूने चालतं की दोन्ही बाजूंनी?

१ एप्रिल, मंगळवार

मुलाला मीच फोन केला. म्हटलं, खोली रिकामी नाही. त्याने विचारलं, म्हणजे? कोण आहे तिथे? मी म्हटलं, तिचा कॉम्प्युटर झोपलाय, आणि तो कधीही उठतो. शेवटी त्याने, ती बरी आहे ना, असं विचारलं. म्हटलं, छान आहे.

८ एप्रिल, मंगळवार

तिने तिकडच्या खोलीवर घरचा म्हणून नवा कॉम्प्युटर घेतलाय. माझ्या फोनमध्ये इथे असतानाच सगळं बसवून गेली होती, आज फक्त तिकडचा पत्ता घातला. एकच बटण, त्यावर तिचं चित्र. मला तीन वेळा समजावलं. ती थकली, मी नाही. म्हणाली, "एक लक्षात ठेवा, निरोप गेला तरी तो पोचल्याचं उत्तर येत नाही. आपण पाठवायचा आणि थांबायचं." मी म्हटलं, हे मला शिकवू नकोस. धुरात हाक मारल्यावर आम्ही काय करत होतो? गप्प राहून ऐकायचो.

तिच्यासोबत एक कागद पाठवला होता, माझ्या हातचा. तिने तो तिकडच्या बटणावर चिकटवून फोटो पाठवला. "सूनबाई, हे बटण सोडून." चेहरा मला काढता येत नाही म्हणून शिडी काढली होती. योग्य कोनात.

९ एप्रिल, बुधवार

नेहमीपेक्षा लवकर उठलो. डबी लावली, चहा टाकला. पण आज तिच्या हाकेची वाट बघितली नाही. खुर्चीवर बसून फोन घेतला आणि ते बटण दाबलं.

काहीच झालं नाही. म्हणजे इकडे काहीच झालं नाही. निरोप गेला की नाही, शिरला की नाही, कळायला मार्ग नाही. फोन हातात धरून बसलो. ही तिकडे रोज सकाळी असंच बसून राहायची, इतके दिवस, आणि मी मजेत चहा पीत होतो. आगीच्या दारात उभं राहणं यापेक्षा सोपं होतं.

मग फोन वाजला.

"बाबा!" झोपेतला आवाज, अर्धा हसरा. "खोलीभर उजेड पडलाय माझ्या. एवढ्या सकाळी काय काम काढलंत?"

"काही नाही," मी म्हटलं. "जरा फाइली बघायच्या होत्या."

ती हसत सुटली. थांबेचना. इकडे चहा उतू गेला.